युरोपियन युनियनच्या ग्रँटला अर्ज करताय? कन्सेप्ट नोट (प्रकल्पाचं थोडक्यात टिपण) नंतर लिहा, आधी कागद काढा

गर्भनिरोधन, सुरक्षित गर्भपात, किशोरवयीन मुलींचं आरोग्य यावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या संस्था युरोपियन युनियनच्या कॉलला (प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीला) अर्ज करतात आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडतात. काम कमी पडतं म्हणून नाही हो, कागद कमी पडतो म्हणून.

पहिलं म्हणजे कॉलच्या गाईडलाइन्समधला सेक्शन २.१ वाचा, कोण पात्र ते तिथे असतं. भारताला सरकारी पातळीवर मिळणारी युरोपियन मदत २०१४ पासून बंद आहे. आता येतं ते बहुतेक संस्थांसाठीच्या वेगळ्या कॉलमधून. 'ग्लोबल युरोप' या युनियनच्या परदेशी मदतीच्या निधीचे २०२१ ते २०२७ साठी ७९.५ अब्ज युरो आहेत हे ऐकून कमिटी मेंबर खूश होतात, पण ते सगळ्या जगासाठी आणि सगळ्या विषयांसाठी मिळून आहेत. कॉलमधल्या पात्र देशांच्या यादीत भारत नसेल तर तिथेच थांबा. लीड अॅप्लिकंट (मुख्य अर्जदार) युरोपातलाच हवा असं असेल तर तुम्ही को-अॅप्लिकंट (सहअर्जदार) म्हणून बघा. 'असोसिएट' म्हणून नाव घालून घेऊ नका, त्यात प्रवासखर्च आणि भत्ता सोडून काही मिळत नाही.

आता एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घेण्याबाबतचा आपला कायदा. पैसा युरोपातल्या संस्थेमार्फत आला तरी तो परदेशी निधीच. रजिस्ट्रेशनला संस्था ३ वर्षं जुनी हवी आणि त्या ३ वर्षांत मिळून किमान १५ लाख कामावर खर्च झालेले हवेत. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या निदान ४ महिने आधी करा असं गृह मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्येच सांगितलंय, तरी लोक शेवटच्या महिन्यात सीएकडे पळतात. नव्या संस्थेला पूर्वपरवानगीचा रस्ता आहे, पण त्याला देणगीदाराचं पत्र लागतं आणि देणगीदार म्हणतो आधी परवानगी दाखवा, म्हणजे बसा मध्ये लटकत!

आणि एक फसवी जागा. बऱ्याच कॉलमध्ये छोट्या गटांना पुढे पैसे वाटायची सोय असते, वाचायला छान वाटतं. पण २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. गावातल्या महिला संस्थेला सबग्रँट देऊ असं बजेटमध्ये लिहिलंत की ब्रसेल्सला आवडेल आणि इथे तुमचं रजिस्ट्रेशन धोक्यात येईल.

कुणाकडेच नसणारा कागद म्हणजे आताच्या विश्वस्तांची नावं असलेला धर्मादाय कार्यालयाचा उतारा. विश्वस्त बदलले की त्याचा चेंज रिपोर्ट तिथे ९० दिवसांत भरायचा असतो. भरतं कोण? आणि भरला तरी मंजुरी वर्षानुवर्षं येत नाही, मग उताऱ्यावर वारलेले अध्यक्ष आणि अर्जावर नवीन सचिवांची सही. पोच आणि ठराव तरी जपून ठेवा. संस्थेची घटना मराठीत असेल तर निदान उद्देश आणि सह्यांचे अधिकार या कलमांचं इंग्रजी भाषांतर आत्ताच करून घ्या, कारण मूळ कागद निवड झाल्यावर मागतात आणि तेव्हा दिवस फार कमी असतात.

स्वतःचा वाटा काढताना सगळे चुकतात. टक्केवारी एकूण खर्चावर असते. युनियन ९० टक्के देणार आणि त्यांचे ३ लाख युरो असतील तर तुमचे ३०,००० नाहीत, ३३,३३३ पेक्षा थोडे जास्तच. आणि आशाताईंचा वेळ, फुकटचा हॉल हे गाईडलाइन्समध्ये स्पष्ट लिहिलं असेल तरच धरतात.

पोर्टल नोंदणी, लॉगफ्रेम (उद्दिष्टं, कामं आणि निकालांचा तक्ता), फॉर्म हे करून होतं. कन्सेप्ट नोटला ५० पैकी ३० लागतात, पण ३० म्हणजे पास नाही, उपलब्ध पैशाप्रमाणे वरून यादी कापतात.

डेडलाइन ब्रसेल्सच्या वेळेची. तिथले दुपारचे ४ म्हणजे आपले हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेसात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ बदलतात, आणि नेमकी त्याच आठवड्यात तारीख आली की तो एक तास तुमच्या लक्षात नसतो.