यंत्राला घाम कळतो, खोटं कळत नाही

पतसंस्थेत अफरातफर निघाली, गावात घरफोडी झाली किंवा टीव्हीवर एखादं खून प्रकरण गाजू लागलं, की साताऱ्याच्या पोवई नाक्यावर काय आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या चहाच्या गाड्यावर काय, एक वाक्य हमखास कानावर येतं: "त्याला मशीनवर बसवा की, कसा बोलत नाही बघू." बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यंत्राचं चित्र अगदी स्पष्ट असतं. माणूस खरं बोलला की रेघ सरळ जाते, खोटं बोलला की उसळी मारते. असं यंत्र जगात कुठेही नाही. जे आहे ते वेगळंच काही मोजतं, आणि हा फरक समजून न घेतल्यामुळे निर्दोष माणसांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली आहेत.

ज्याला आपण लाय डिटेक्टर म्हणतो ते यंत्र म्हणजे पॉलिग्राफ. शरीरातल्या तीन-चार गोष्टींचे आलेख ते एकाच वेळी काढतं. छातीभोवती आणि पोटाभोवती एकेक लवचीक नळी बांधतात, त्यावरून श्वासाची गती आणि खोली कळते. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा असतो. दोन बोटांच्या टोकांना धातूच्या छोट्या पट्ट्या लावतात आणि त्यांतून जाणवणारही नाही इतका क्षीण विद्युतप्रवाह सोडतात. या चौघांत बोटांवरची ही पट्टी सर्वांत बोलकी. आपल्या तळहातांवर आणि बोटांवर घर्मग्रंथी दाटीनं असतात, आणि त्या उन्हापेक्षा मनाच्या हालचालींना जास्त दाद देतात. मनात काही खुट्ट झालं, की मेंदूकडून सिंपथेटिक, म्हणजे शरीराला आपोआप सावध करणाऱ्या, मज्जासंस्थेमार्फत या ग्रंथींना संदेश जातो, त्यांत खारट पाणी चढतं आणि त्वचेतून वीज वाहणं सोपं होतं. प्रश्न कानावर पडल्यापासून एक ते तीन सेकंदांत आलेख वर सरकू लागतो. डोळ्यांना घामाचा थेंबही दिसत नसतो, तरी यंत्राला तो कळलेला असतो.

मोजमाप म्हणून यात काहीही खोट नाही. रक्तदाब खरा, श्वास खरा, घामही खरा. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो, कारण हीच मज्जासंस्था भीती वाटली तरी जागी होते, राग आला, लाज वाटली, अपमान झाला तरी होते आणि नुसतं दचकलं तरीही होते. फक्त खोटं बोलतानाच उमटते आणि एरवी कधीच उमटत नाही, अशी एकही खूण मानवी शरीरात आजवर सापडलेली नाही. पॉलिग्राफबद्दल एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर ते हे.

मग खोटं ओळखल्याचा दावा कशाच्या बळावर होतो? प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर. चाचणीआधी तज्ज्ञ बराच वेळ गप्पा मारतो आणि सगळे प्रश्न आधीच वाचून दाखवतो. अचानक टाकलेला एकही प्रश्न नसतो, कारण दचकण्यानंही आलेख उडतो. उत्तरं फक्त 'हो' किंवा 'नाही', आणि दोन प्रश्नांमध्ये शरीर शांत व्हावं म्हणून वीस-पंचवीस सेकंदांचा अवकाश. तीच प्रश्नमाला निदान तीनदा विचारली जाते. यातले काही प्रश्न मुद्द्याचे असतात: "तिजोरीतले पैसे तुम्ही घेतले का?" काही तुलनेचे: "आयुष्यात कधी तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला फसवलं आहे का?" या दुसऱ्या प्रश्नाला मनापासून 'नाही' म्हणू शकेल असा माणूस विरळा. पण समोरचा 'नाही' म्हणेल अशा बेतानं तज्ज्ञ गप्पांमध्ये आधीच वातावरण तयार करतो. जॉन रीड यांनी 1947 मध्ये ही तुलनेची पद्धत मांडली. तिच्यामागचा तर्क असा, की निर्दोष माणूस तुलनेच्या प्रश्नाला जास्त बिचकेल, कारण तिथं तो थोडा तरी खोटं बोलतोय, आणि गुन्हेगार मुद्द्याच्या प्रश्नाला जास्त बिचकेल.

आता स्वतःला त्या खुर्चीवर बसवून बघा. अडत दुकानातली रोकड गेली आहे, तुम्ही तिथले दिवाणजी. पैसे तुम्ही घेतलेले नाहीत. दोन दिवस पोलिस ठाण्याच्या खेपा झाल्या आहेत, गल्लीत कुजबूज सुरू आहे, मुलीच्या सोयरिकीचं बोलणं अडकलं आहे. "पैसे तुम्ही घेतले का?" या प्रश्नावर तुमची नोकरी, अब्रू आणि तुरुंग टांगलेला आहे. "आयुष्यात कधी कुणाला फसवलंत का?" यावर काहीच नाही. तुमच्या छातीत धडधड कोणत्या प्रश्नाला वाढेल? सगळ्या चाचणीची भिस्त ज्या गृहीतकावर आहे, ते नेमकं निर्दोष पण घाबरलेल्या माणसाच्या बाबतीत कोसळतं. आणि पोलिसांसमोर सगळ्यात जास्त कोण घाबरतं? ज्याला वकील परवडत नाही तो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 1978 मध्ये हेच घडलं. फ्लॉइड फे नावाच्या तरुणावर खुनाचा आरोप होता आणि पुरावा तोकडा होता. सरकारी पक्षानं त्याच्यासमोर प्रस्ताव ठेवला: पॉलिग्राफ द्या, पास झालात तर खटला मागे, नापास झालात तर निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालेल. आपण निर्दोष आहोत, मग भ्यायचं कशाला, असं म्हणून त्यानं होकार दिला. तो नापास झाला आणि त्याला जन्मठेप झाली. खरे खुनी सापडले म्हणून 1980 मध्ये तो सुटला. तुरुंगात असताना तो पॉलिग्राफचा अभ्यास करू लागला होता. ज्यांनी आपला गुन्हा त्याच्याजवळ कबूल केला होता अशा 27 कैद्यांना त्यानं वीसेक मिनिटांत युक्त्या शिकवल्या, आणि त्यातले 23 जण चाचणीत पार झाले. युक्ती सोपी आहे. तुलनेच्या प्रश्नाच्या वेळी जीभ चावायची, पायाची बोटं दाबायची किंवा मनात अवघड वजाबाकी करायची. तिथला आलेख उंच गेला, की मुद्द्याच्या प्रश्नाचा आपोआप ठेंगणा दिसतो. सीआयएमध्ये राहून सोव्हिएत युनियनला गुपितं विकणारा आल्ड्रिच एम्स तर 1986 आणि 1991 अशा दोन्ही चाचण्यांत सुटला आणि 1994 मध्ये पकडला गेला.

म्हणजे चाचणी निव्वळ थोतांड आहे का? तसंही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं उपलब्ध संशोधन तपासून 2003 मध्ये मोठा अहवाल प्रसिद्ध केला. एका विशिष्ट घटनेबद्दल, युक्त्या न शिकलेल्या माणसांना विचारलं, तर पॉलिग्राफ नाणेफेकीपेक्षा बराच चांगला ठरतो, पण अचूकतेपासून बराच दूर राहतो, असा तिचा निष्कर्ष होता. माणसाच्या नुसत्या नजरेपेक्षा हे बरंच. "मी डोळ्यांत बघून ओळखतो" म्हणणारे आपल्याकडे घरटी एक असतात, पण अशा प्रयोगांचा एकत्रित हिशेब 2006 मध्ये झाला तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर निघाले.

तरीही 'बराच चांगला' हे शब्द फसवे आहेत. का, ते साध्या हिशेबानं दिसतं. समजा एका साखर कारखान्यात हजार कामगार आहेत आणि त्यातले दहा जण भंगार चोरतात. व्यवस्थापनानं सगळ्यांना मशीनवर बसवायचं ठरवलं. चाचणी दोन्ही बाजूंनी 90 टक्के अचूक आहे असं धरू, म्हणजे उदार मनानंच धरू. दहा चोरांपैकी नऊ सापडतील. उरलेल्या 990 प्रामाणिक कामगारांपैकी दहा टक्के, म्हणजे 99 जण, चुकून नापास होतील. नापास झालेले एकूण 108. त्यात चोर नऊ. म्हणजे ज्यांच्यावर ठपका बसला त्यांतल्या दर बारा माणसांमागे अकरा निर्दोष, आणि दहावा चोर प्रामाणिकपणाचा शिक्का घेऊन घरी. अकादमीच्या अहवालातही असंच एक गणित आहे: दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर, आणि चाचणी त्यातले आठ पकडेल इतकी कडक ठेवली तर सुमारे 1,600 जण नापास होतात, आठ सोडून बाकी सगळे निर्दोष. खासगी कंपन्यांनी कर्मचाऱ्यांची अशी सरसकट चाचणी घ्यायला अमेरिकेत 1988 च्या कायद्यानंच बहुतांश बंदी आहे. आपल्याकडे दुकानदार आणि संस्थाचालक अधूनमधून ही कल्पना बोलून दाखवतात, म्हणून हा हिशेब इतका सविस्तर दिला.

इतिहासात जरा मागं जाऊ. अमेरिकेतल्या बर्कली शहराच्या पोलिस दलातल्या जॉन लार्सन यांनी 1921 मध्ये हे यंत्र तपासात आणलं. ते शरीरक्रियाशास्त्राचे डॉक्टरेट होते आणि पुढं त्याच्या वापराचे कडवे टीकाकार झाले. त्यांच्याही आधी विल्यम मार्स्टन यांनी नुसत्या रक्तदाबावरून खोटं ओळखण्याचा दावा केला होता. वॉशिंग्टनच्या न्यायालयानं तो 1923 मध्येच पुरावा म्हणून नाकारला. पण यामागची कल्पना यंत्रापेक्षा फार जुनी आहे. आपल्या धर्मशास्त्रात आणि पुढं मराठेशाहीच्या न्यायव्यवहारातही साक्षी-पुराव्यानं तंटा सुटला नाही की दिव्य करायला लावत. त्यात चोरीसाठी तांदळाचं दिव्य सांगितलं आहे: संशयितानं तांदूळ चावून थुंकायचे आणि त्यावरून निवाडा. भीतीनं तोंडाला कोरड पडते, लाळ सुटत नाही, कोरडे दाणे हिरड्यांना टोचतात. शरीरशास्त्र तेच, मज्जासंस्था तीच. आणि दोषही तोच, कारण निर्दोष माणसाच्या घशालाही कोरड पडते.

हे फार दूरचं नाही. दागिना हरवला की भगताकडून तांदूळ मंतरून आणायचे आणि घरच्या गड्याला, सुनेला, शेजारणीला खायला द्यायचे, हा प्रकार आपल्या भागातल्या लोकांना सांगावा लागत नाही. नरेंद्र दाभोलकरांनी याच साताऱ्यात राहून आयुष्यभर प्रत्येक दाव्याला एकच मागणी केली: पडताळा दाखवा. भगताला जी मागणी, तीच संगणकाला जोडलेल्या पॉलिग्राफलाही करायला हवी. यंत्र आहे म्हणून त्याला सूट नाही.

भगताचा तांदूळ आणि पॉलिग्राफ यांच्यात आणखी एक साम्य आहे, आणि तपास अधिकाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं. दोन्हींची खरी ताकद समोरच्याच्या विश्वासात आहे. एडवर्ड जोन्स आणि हॅरॉल्ड सिगल या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये दाखवून दिलं, की नुसत्या दिखाऊ यंत्राला जोडून "याला तुझ्या मनातलं कळतं" असं पटवलं तरी लोक जास्त खरं बोलतात. पॉलिग्राफच्या नावावर जमा असलेली बरीचशी यशं ही खुर्चीवर बसण्याआधी किंवा उठल्यावर दिलेल्या कबुलीची आहेत, आलेखाची नाहीत. आणि दडपणाखालची कबुली प्रत्येक वेळी खरी असतेच असं नाही.

आपल्याकडचा कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. पुण्याच्या सत्र न्यायालयानं जून 2008 मध्ये एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत आलेखाचा निकाल ग्राह्य धरून शिक्षा सुनावली, तेव्हा जगभरातल्या शास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली होती. मग 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला. पॉलिग्राफ, नार्को (गुंगीचं औषध देऊन केलेली चौकशी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूचा विद्युत आलेख) यांपैकी कोणतीही चाचणी संमतीशिवाय घेता येणार नाही. तसं करणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडणं, आणि संविधानाच्या अनुच्छेद 20(3) आणि 21 चा तो भंग आहे. संमती दिली तरी चाचणीचा निकाल हा स्वतः पुरावा ठरत नाही. चाचणीतून मिळालेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग न्यायालयापुढं येऊ शकतो. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवली पाहिजे आणि त्याआधी वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2000 सालच्या सूचनांतच होतं, आणि न्यायालयानं त्या काटेकोर पाळायला सांगितल्या. त्यामुळे एखाद्यानं चाचणीला नकार दिला की "बघा, काहीतरी लपवतोय" म्हणणाऱ्यांनी आधी फ्लॉइड फेनं होकार देऊन काय मिळवलं ते आठवावं. नकार हा हक्क आहे, आणि निर्दोष माणसानं तो वापरण्याची कारणं वर आली आहेत.

याच तारा आणि याच पट्ट्या वापरून विचारायची आणखी एक पद्धत आहे, आणि तिच्याबद्दल मला जास्त आशा वाटते. डेव्हिड लिकेन यांनी ती 1959 मध्ये मांडली. तिच्यात "तू केलंस का?" असा प्रश्नच नसतो. परत त्या अडत दुकानात जाऊ. रोकड नेमकी कशात होती, हे मालकाला आणि चोरालाच ठाऊक आहे. संशयिताला विचारायचं: रोकड रेक्झिनच्या पिशवीत होती? बारदानात गुंडाळलेली होती? पत्र्याच्या डब्यात? लाकडी पेटीत? स्टीलच्या डब्यात? निर्दोष माणूस कितीही घाबरलेला असो, त्याला हे पाचही पर्याय सारखेच. चोराला मात्र त्यातला एक ओळखीचा आहे, आणि ओळखीची गोष्ट समोर आली की शरीर दखल घेतंच, तोंडानं काहीही म्हणा किंवा गप्प बसा. पहिल्या पर्यायाला कुणाचाही आलेख थोडा जास्तच हलतो, म्हणून सुरुवातीला या पाचांखेरीज एक बिनकामाचा पर्याय टाकतात आणि तो मोजत नाहीत. असे सहा वेगवेगळे प्रश्न विचारले, तर निर्दोष माणसाचा सर्वांत मोठा प्रतिसाद सहाही वेळा निव्वळ योगायोगानं बरोबर पर्यायावर येण्याची शक्यता 15,625 मध्ये एक. इथं यंत्र खोटं शोधत नाही, ओळख शोधतं, आणि भीतीचा गोंधळ सगळ्या पर्यायांवर सारखाच पसरतो. जपानचे पोलिस हीच पद्धत वर्षानुवर्षं वापरतात.

तिची अट एकच, पण कडक. तपशील फुटता कामा नये. चोरी झाल्याच्या संध्याकाळी रोकड पत्र्याच्या डब्यात होती हे हमालांपासून सौद्याला आलेल्या शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळलं, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पंचनाम्याचा फोटो फिरला आणि सकाळी पेपरात चौकट आली, की ही चाचणी घेण्यासारखं काही उरत नाही. कारण मग तो डबा साऱ्या यार्डाच्याच ओळखीचा झालेला असतो. पंचनामा लिहितानाच कोणते पाच-सहा तपशील बाहेर जाऊ द्यायचे नाहीत हे ठरवून ते बंद लिफाफ्यात ठेवायला नव्या यंत्राची गरज नाही, नव्या कायद्याचीही नाही. तालुक्याच्या पोलिस ठाण्यातही ते आजपासून सुरू करता येईल.