जॉनी कॅरीने संघ बदलला नव्हता

मँचेस्टर युनायटेडचा जॉनी कॅरी फुटबॉलच्या वाचकांना ठाऊक असतो: व्यवस्थापक मॅट बस्बीने आघाडीच्या फळीतून मागे फुलबॅकच्या, म्हणजे बचावपटूच्या, जागी आणलेला डब्लिनचा खेळाडू, 1948 चा एफए कप आणि 1952 चे लीग विजेतेपद मिळवणारा कर्णधार. त्याविषयी अधिक लिहीत नाही. त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीबद्दल मात्र ‘आयर्लंडकडून आणि उत्तर आयर्लंडकडूनही खेळला’ असे जे वारंवार छापले जाते, ते दिशाभूल करणारे आहे.

त्या काळी आयर्लंडमध्ये फुटबॉलच्या दोन संघटना होत्या, बेलफास्टची आयएफए (आयरिश फुटबॉल असोसिएशन) 1880 ची आणि डब्लिनची एफएआय (फुटबॉल असोसिएशन ऑफ आयर्लंड) 1921 ची, आणि दोघीही आपल्या संघाला नुसते ‘आयर्लंड’च म्हणत. बेटाची फाळणी होऊन बेलफास्टसह उत्तरेचा भाग ब्रिटनकडे राहिला, तरी बेलफास्टने संपूर्ण बेटावरचा हक्क सोडला नव्हता, त्यामुळे दक्षिणेत जन्मलेल्या खेळाडूंना तिचे बोलावणे येतच राहिले. सप्टेंबर 1946 मध्ये 28 तारखेला बेलफास्टच्या विंडसर पार्कवर इंग्लंडने एका आयर्लंडचा 7-2 असा धुव्वा उडवला. 30 तारखेला डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर त्याच इंग्लंडला दुसऱ्या आयर्लंडविरुद्ध टॉम फिनीच्या एकुलत्या एका गोलावर निभावून न्यावे लागले. कॅरी आणि बिल गॉर्मन हे दोघे दोन्ही सामन्यांत आयर्लंडकडून खेळले. यात संघ बदलणे कुठे आले?

1950 च्या विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत तर कॉन मार्टिनसह चौघे एकाच स्पर्धेत दोन्ही आयर्लंडांकडून उतरले, आणि मग फिफाला लक्ष घालावे लागले. 15 मार्च 1950 रोजी रेक्सहॅमला वेल्सविरुद्ध झालेला सामना हा बेलफास्टने दक्षिणेचे खेळाडू घेऊन खेळलेला शेवटचा सामना. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ आणि ‘नॉर्दर्न आयर्लंड’ ही नावे त्यानंतर रूढ झाली. ती मागे नेऊन कॅरीला चिकटवू नयेत. मी स्वतः ‘आयर्लंड (एफएआय), 29 सामने’ आणि ‘आयर्लंड (आयएफए), 7 सामने’ असेच लिहितो, आणि दोहोंची बेरीज करून 36 लिहिणे मला अजिबात मान्य नाही.

याच गोंधळातून आणखी एक चूक पसरते: इंग्लंडला त्याच्या भूमीवर हरवणारा पहिला परदेशी संघ 1953 चा हंगेरी होता, ही. 21 सप्टेंबर 1949 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर कॅरीच्या आयर्लंडने इंग्लंडला 2-0 असे हरवले होते. पहिला गोल मार्टिनने पेनल्टीवर केला. दुसरा एव्हर्टनच्या पीटर फॅरेलने, आपल्याच क्लबच्या मैदानावर. बेलफास्टचा संघ इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससह ब्रिटनच्या चार ‘घरच्या’ संघांत मोडत असे, म्हणून त्याचा विजय परदेशी ठरला नसता. हा संघ डब्लिनचा होता, आणि त्याचा देश त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडून प्रजासत्ताक झाला होता.