केंद्रकाचे आवरण: सुरुवात वनस्पतींपासून

शाळेच्या पुस्तकात केंद्रकाच्या आवरणाची ओळख एका ओळीत उरकते: ते दुहेरी असते, सच्छिद्र असते, त्यातून पदार्थांची ये-जा होते. ही ओळ लिहिता येण्याआधी शंभराहून अधिक वर्षांचे काम झाले. त्याचा आरंभ वनस्पतींच्या पेशींत झाला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१८३१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन ऑर्किड आणि रुईच्या कुळातील झाडांची फलधारणा अभ्यासत होते. ऑर्किडच्या बाह्यत्वचेतील प्रत्येक पेशीत त्यांना एक गोल, किंचित अपारदर्शक ठिपका दिसला. तो आधीही काहींनी पाहिला होता. ‘केंद्रक’ हे नाव ब्राऊन यांनी दिले.

केंद्रकातून बाहेर काही जाते का, याचे सुंदर उत्तर १९३० च्या दशकात जर्मनीत योआखिम हेमरलिंग यांनी मिळवले. अॅसिटाब्युलारिया हे समुद्रातले हिरवे शैवाल म्हणजे काही सेंटीमीटर उंचीची एकच पेशी. तळाशी केंद्रक, वर देठ, टोकाला छत्री. हेमरलिंग यांनी एका जातीचा देठ दुसऱ्या जातीच्या केंद्रक असलेल्या तळावर जोडला. आलेली छत्री कापली की पुढची छत्री तळाच्या जातीची येई. केंद्रक काढून टाकलेला देठही एखादी छत्री उगवू शके, म्हणजे केंद्रकाने पाठवलेला निरोप देठात आधीच साठलेला होता. तो निरोप संदेशवाहक आरएनएचा, म्हणजे जनुकाची सूचना पेशीद्रवात नेणाऱ्या रेणूचा, हे पुढे कळले. माझ्या मते या विषयातला इतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही.

नंतरचे काम प्राण्यांकडे गेले. बेडकाच्या अंडपेशीचे केंद्रक हाताने वेगळे काढता येते, वनस्पतीच्या पेशीला कडक भित्तिका आडवी येते. १९५० मध्ये कॅलन आणि टॉमलिन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उभयचरांच्या अंडपेशींत आवरणाचे दोन थर आणि रंध्रे पाहिली. लहान रेणू या रंध्रांतून आपोआप जातात, मोठ्या प्रथिनांना अंगावर ओळखीची खूण लागते. १९८४ मध्ये एका विषाणूच्या प्रथिनात अशी खूण सापडली, अवघ्या सात अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या सात घटकांची.

वनस्पतींकडे परतल्यावर वेगळेच चित्र दिसले. प्राण्यांच्या केंद्रकाला आतून आधार देणारे लॅमिन हे प्रथिन वनस्पतींत नाही. तिथे वेगळी लांबट प्रथिने असतात, ती आधी गाजराच्या पेशींत सापडली. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाच्या केंद्रक-आवरणातील रंध्रांची किमान ३० प्रथिने ओळखली, त्यांतले एक फक्त वनस्पतींचे.

या ये-जा करण्यावर प्रकाशाचाही ताबा असतो. घटस्थापनेचे धान्य देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळट, लांबुडके का वाढते, याच्या कारणांपैकी एक इथे आहे: फायटोक्रोम बी हे प्रकाश ओळखणारे प्रथिन अंधारात केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात थांबते. लाल प्रकाश पडला की ते केंद्रकात शिरते आणि खोडाची लांबी वाढवणाऱ्या घटकांना आवर घालते.

शेतीच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते ते कडधान्यांच्या कुळातील लोटस जॅपोनिकसवरचे काम. मुळाला रायझोबियम या गाठींत राहून नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंची चाहूल लागली की केंद्रकात आणि त्याच्याभोवती कॅल्शियमची पातळी लयीत वरखाली होते. त्यासाठी लागणाऱ्या आयन-वाहिन्या आवरणातच बसलेल्या असतात. आवरणाच्या रंध्रातील एनयूपी१३३ हे प्रथिन बिघडले की ही लय बंद पडते. अशा रोपांच्या मुळांवर वाढत्या तापमानात नत्राच्या गाठी जवळपास धरत नाहीत, थंड हवेत मात्र काही धरतात.