विंच बंपरला बसली आहे की चासीला?

"बंपरला विंच बसवून घेतली" असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. विंच म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं मोटरचं यंत्र. बंपरच्या जागी बसलेली विंच वेगळी आणि बंपरच्या भरवशावर बसलेली विंच वेगळी. समोरून पाहिलं तर दोन्ही सारख्याच. तेच फेअरलीड (दोर बाहेर येतो ती चौकट), तोच लाल पट्टी लावलेला हुक, मागे तीच काळी मोटर. फरक बघायचा तर गाडीखाली झोपायचं, टॉर्च मारायचा आणि विंचच्या प्लेटपासून निघालेलं लोखंड शेवटी कुठे जाऊन थांबतं ते शोधायचं.

एका गाडीत ते बंपरच्या आडव्या पट्टीवरच थांबतं. दुसरीत ते पट्टीच्या मागे निघून चासीच्या, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याच्या, दोन्ही लांब चॅनलपर्यंत जातं आणि तिथे बोल्टने घट्ट बसतं. पहिलीला मी बंपर-माउंट म्हणेन, दुसरीला चासी-माउंट. घरी किंवा ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे माउंट बनवणाऱ्या प्रत्येकाने आधी हे ठरवावं. प्लेट किती जाड घ्यायची हा प्रश्न त्यानंतरचा.

दोन्हींची गल्लत जुन्या जीपांमुळे झाली असं मला वाटतं. त्या जीपचा पुढचा बंपर म्हणजे लोखंडी चॅनल, थेट चासीच्या टोकांना बोल्ट मारलेला. शेतात रुतली की बंपरलाच दोर गुंडाळायचा आणि ट्रॅक्टरने ओढायचं. बंपर धरला म्हणजे चासी धरली, हे तेव्हा खरंच होतं. आज आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनणाऱ्या थारलाही शिडीसारखी चासी आहे. पण आजकालच्या बहुतेक गाड्यांत समोर दिसतं ते प्लास्टिकचं आवरण असतं. त्यामागे एक पट्टी, आणि पट्टी व चासी यांच्यामध्ये धडकेत चुरगळून धक्का गिळणारे पत्र्याचे भाग. धडक या भागांना मागे दाबते. विंच त्यांना पुढे ओढते, आणि त्या ओढीसाठी ते बनवलेलेच नाहीत.

हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. माझं पहिलं माउंट एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतलं होतं. मी दोनदा विचारलं, पट्टीवर टिकेल ना? उत्तर आलं, "साहेब, दहा मिमीची प्लेट टाकतो, हत्ती बांधला तरी वाकणार नाही." पावसाळ्यात हरसूलच्या बाजूला भातखाचराच्या कडेला पुढची दोन्ही चाकं बसली. सरळ समोर झाड नव्हतं, म्हणून उजव्या हाताच्या आंब्याला पट्टा बांधून तिरकं ओढलं. गाडी हलायच्या आधी बंपरची डावी बाजू तीन बोटं पुढे आली. घरी येऊन सगळं उघडलं तर दहाची प्लेट सरळसोट होती आणि तिचं वेल्डिंगही शाबूत होतं. मागच्या पातळ ब्रॅकेटमधलं गोल भोक मात्र ताणून लांबुळकं झालं होतं, आणि त्याच्या कडेने पत्रा कागदासारखा फाटायला लागला होता. तो पत्रा हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. खाचरात बोल्ट सुटून विंचसकट पट्टी उडाली असती तर समोर उभा असलेला मित्र वाचला नसता.

आता आकडे बघू. बाजारात सर्रास मिळणारी ९५०० पौंडांची विंच म्हणजे साधारण ४३०० किलोची ओढ. ही ओढ ड्रमवरच्या पहिल्या थरालाच मिळते, दोराचे थर वाढत गेले की ती कमी होते. गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट विंच घ्यावी असा नियम आहे. चाकं अर्ध्यापर्यंत रुतली की गाडीच्या वजनाइतका जोर लागतो असं धरून चालतात, आणि निफाडकडच्या काळ्या मातीत चेष्टा नाही, तेवढा जोर खरंच लागतो. विंचच्या पायांना चार एम-१० (१० मिमी जाडीचे) बोल्ट येतात, भोकांचं अंतर २५४ बाय ११४.३ मिमी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ ही ताकदीची प्रत छापलेली असेल तर हे चार बोल्ट ती ओढ आरामात पेलतात. डोक्यावर काहीच छापलेलं नसलेला साधा बोल्ट मात्र अजिबात वापरू नका. म्हणजे विंच आणि प्लेट यांचा जोड सहसा हार मानत नाही. हार मानतो तो प्लेट आणि गाडी यांच्यामधला जोड, आणि नेमका तोच आवरणाच्या आत झाकलेला असतो.

जाडीबद्दलही थोडं थांबून बोलायला हवं, कारण घरगुती माउंटमध्ये पैसा आणि वजन इथेच वाया जातं. २०० मिमी रुंदीची सपाट १० मिमी प्लेट घ्या. तिच्या शेजारी ६ मिमीची तेवढ्याच रुंदीची प्लेट ठेवा, पण तिच्या दोन्ही कडा वर वळवून ५० मिमी उंच केलेल्या. हिशेब केला तर दुसरी जवळपास १९ पट ताठ भरते, आणि लोखंड पहिलीपेक्षा कमी लागतं. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवणाऱ्या यंत्रावर) अशी घडी मारून मिळते. घडी शक्य नसेल तर कोपऱ्यांत तिकोनी गसेट (आधाराचे तुकडे) टाका. माउंट मजबूत करायचं म्हणजे लोखंड कुठे उभं करायचं हे ठरवायचं. माझ्या जुन्या दहाच्या प्लेटने पुढच्या ॲक्सलवर नुसता भार टाकला.

चासी-माउंट बनवताना मी आता असं करतो. आधी पुठ्ठ्याचा साचा. आवरण काढून चासीच्या टोकांवर कारखान्याने ठेवलेली भोकं कुठे आहेत ते साच्यावर उतरवायचं, कारण तयार भोकं मिळाली तर नवीन पाडावी लागत नाहीत. पाडायचीच झाली तर चॅनलच्या उभ्या बाजूला, वरच्या आणि खालच्या बाजूला हात लावायचा नाही, वाकण्याचा ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. चासी चौकोनी पोकळ असेल तर आरपार बोल्ट आवळताना दोन्ही भिंती आत दबतात. तेव्हा बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात ढिला होतो. म्हणून आत दोन भिंतींच्या अंतराएवढा जाड नळीचा तुकडा घालायचा आणि बोल्ट त्यातून न्यायचा. दहा-वीस रुपयांचा हा तुकडा फॅब्रिकेटर हमखास विसरतो. समोर उभं राहून घालून घ्या. चासीवर आडवं वेल्डिंग मारू देऊ नका, उष्णतेने त्या रेघेवर लोखंड कमजोर होतं आणि पुढे चीर तिथूनच निघते. माउंटचं वेल्डिंग टेबलावर, गाडीवर बोल्ट. गाडीवर वेल्डिंग करायची वेळ आलीच तर आधी बॅटरीची मायनस वायर काढा, नाहीतर ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा, खर्च माउंटपेक्षा मोठा होईल.

तिरक्या ओढीत दोन माउंटमधला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. ४५ अंशांत ओढलं की ओढीचा ७० टक्के भाग आडवा लागतो, ४३०० किलोपैकी सुमारे ३००० किलो. विंच चासीच्या बोल्टांपासून ३०० मिमी पुढे असेल तर ती तीनशे मिमीची पहार होते. बंपरची पट्टी या पिळाला उभी राहूच शकत नाही. चासी-माउंटमध्येही प्लेटपासून चासीकडे जाणाऱ्या प्रत्येक लोखंडी हाताला एकच बोल्ट असेल तर तो हात बोल्टभोवती फिरतो. म्हणून प्रत्येक बाजूला किमान दोन बोल्ट, एकमेकांपासून शंभरेक मिमी लांब, आणि दोन्ही हातांना जोडणारा एक आडवा पाइप.

स्नॅच ब्लॉक (दोर वळवणारी कप्पी) वापरून दोर गाडीकडे परत आणता तेव्हाही असंच सांभाळावं लागतं. परत आलेला हुक विंचच्याच प्लेटला अडकवला तर प्लेटवर दुप्पट ओढ येते. तो चासीला स्वतंत्र बसवलेल्या हुकमध्ये शॅकलने (पिन लावलेल्या यू-आकाराच्या कडीने) अडकवा.

बंपर-माउंटच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चासीला घट्ट बांधलेली विंच चुरगळणाऱ्या भागांना वळसा घालून धडक थेट चासीत नेऊ शकते, आणि एअरबॅगचं वागणंही त्यामुळे बदलू शकतं. रोज मुंबई-आग्रा हायवेवर चालणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला मी कायमची विंच बसवणार नाही. तिच्यासाठी हाताने ओढायची टिरफोर किंवा शेजारच्याचा ट्रॅक्टर बरा. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार लावणाऱ्यांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. त्यामुळे मूळ बंपर कापून बाहेर डोकावणारं लोखंड लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मी माउंट मूळ आवरणाच्या आत बसवलं, बाहेर फक्त फेअरलीड दिसतं.

बसवून झालं की लगेच जंगलात जाऊ नका. मोकळ्या मैदानात हँडब्रेक ओढलेल्या दुसऱ्या गाडीला किंवा जाड झाडाला पट्टा बांधा, दोरावर जुनी गोणी किंवा जाड चादर टाका, दोराच्या रेषेत कोणालाही उभं करू नका. त्याआधी प्रत्येक जोडावर, अर्धी माउंटवर आणि अर्धी चासीवर अशी पांढऱ्या खडूची रेघ मारा. थोडं थोडं ओढा, थांबा, उतरून बघा. रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर बोल्ट घसरलाय. वेल्डिंगच्या कडेला रेड ऑक्साइडच्या रंगावर केसासारखी चीर दिसली तर खालचं लोखंड ताणलं गेलंय, ते माउंट उतरवून परत टेबलावर घ्या. माझ्या दुसऱ्या माउंटवर पहिल्या ओढीत डावी रेघ अर्धा मिमी सरकली होती. आतल्या नळीचा तुकडा जरा आखूड कापला गेला होता. नवा कापून घातला, बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्याने) आवळले, आणि तिरक्या ओढीतही रेघ जागची हलली नाही.