अनुभव खरा, अर्थ तपासायचा : स्वतःच्या अनुभवावरील शंकेची पार्श्वभूमी

अंगात येणं, चकवा लागणं, अपरात्री छातीवर कोणी बसलंय असं वाटून हातपाय न हलणं, प्लँचेटवरची वाटी आपोआप सरकणं. हे अनुभव महाराष्ट्रात किंवा गोव्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. भोंदूगिरीवरही आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. पण ज्याने कुणाला फसवलं नाही, ज्याला कुणाकडून पैसा नको आणि ज्याला खरोखरच काहीतरी दिसलं, त्याने स्वतःचा अनुभव कसा तपासायचा, यावर फारच कमी बोललं गेलं.

ही तपासणी मुळात अनुभव आलेल्यांच्या घरातूनच सुरू झाली. १७६० मध्ये जिनिव्हातल्या एका निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या आजोबांची हकिकत छापली. मोतीबिंदूमुळे त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसत. हे खरं नाही, हे त्या वृद्धाला पक्कं ठाऊक होतं. १७९१ मध्ये बर्लिनच्या एका प्रकाशकाला एका मृत व्यक्तीची आकृती दिसली आणि पुढे अशा आकृत्यांची रीघच लागली. त्याने घाबरून मांत्रिक गाठला नाही. त्या कधी येतात, कशा वागतात, उपचार म्हणून जळवा लावल्यावर कशा फिकट होतात याची नोंद ठेवली आणि १७९९ मध्ये ती तिथल्या विद्वत्सभेपुढे वाचली.

१८५३ चा इंग्लंडमधला प्रयोग तर प्लँचेट खेळलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. टेबलावर हात ठेवून बसलं की टेबल फिरतं, अशा बैठकांची तेव्हा लाट होती. एका शास्त्रज्ञाने हातांखाली मऊ चिकट द्रव्याने जोडलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबल हातांना ओढत असेल तर खालचे थर आधी सरकायला हवे होते, पण सरकले वरचे. मग त्याने हातांचा जोर दाखवणारा एक काटा बसणाऱ्यांच्या नजरेसमोर आणला आणि टेबल थांबलं. ती माणसं खोटारडी नव्हती. आपलाच हात ढकलतो आहे हे त्यांना जाणवत नव्हतं, इतकंच.

पुढे १८८९ ते १८९२ या काळात ब्रिटनमध्ये सुमारे १७,००० लोकांना विचारण्यात आलं, की पूर्ण जागेपणी तुम्हाला बाह्य कारणाशिवाय काही दिसलं, ऐकू आलं किंवा स्पर्श जाणवला का? दहा टक्क्यांच्या जवळपास लोक ‘हो’ म्हणाले. म्हणजे असा अनुभव हे वेडाचं लक्षण नव्हे, हे तेव्हाच कळलं होतं. विसाव्या शतकात झोपेच्या अभ्यासाने छातीवरच्या ‘त्या’ ओझ्याचाही उलगडा केला. स्वप्नांच्या झोपेत शरीर बहुतेक स्नायू सैल सोडतं. मेंदू जागा झाला आणि स्नायू अजून ताब्यात आले नाहीत, की माणूस डोळे उघडे ठेवून जखडतो आणि स्वप्नातलं माणूस खोलीत उभं दिसतं. चकव्याचंही तसंच. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जर्मनीतल्या जंगलात आणि सहारा वाळवंटात लोकांना सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की ते नकळत वळत जात आणि स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडत.

आपल्याकडे या प्रश्नाला सार्वजनिक रूप आलं ते २१ सप्टेंबर १९९५ रोजी. गणपती दूध प्यायला लागल्याची बातमी दिल्लीतून निघाली आणि दिवसभरात देशभर, परदेशातल्या देवळांपर्यंत पोहोचली. सरकारी वैज्ञानिकांनी रंगीत दूध वापरून पृष्ठताणाचा, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ओढीचा, परिणाम दाखवला. दूध चमच्याच्या कडेवरून ओढलं जात होतं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळत होतं. उत्तर अचूक होतं. पण रांगेतल्या माणसाचा मुद्दा ‘चमचा माझ्या हातात होता’ हा होता, आणि त्याच्याशी त्या अंगाने फारसं कुणी बोललं नाही. त्याला मूर्ख ठरवलं गेलं किंवा भाविक म्हणून सोडून दिलं गेलं. १८५३ चा तो काटा त्याच्या डोळ्यांसमोर आणायला हवा होता.

यानंतर अंधश्रद्धाविरोधी चळवळीची सगळी ताकद कायद्यात गेली. जादूटोणाविरोधी विधेयक २००५ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत मंजूर झालं आणि विधान परिषदेत अडकलं. वारी आणि कीर्तनावर बंदी येईल, हा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला गेला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात चळवळीचे अध्वर्यू नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, दिवंगत संतांच्या चमत्कारांचं कथन हे स्पष्टपणे वगळलं आहे.

वादाची खरी जागा या कायद्यातल्या अंगात येण्याच्या तरतुदीत आहे. अंगात दैवी शक्ती संचारल्याचं भासवून इतरांच्या मनात भीती घातली, किंवा सांगितलेलं न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी दिली, तर गुन्हा. नुसतं अंगात येणं गुन्हा नाही. काहींना ही माघार वाटली आणि विरोधकांना एवढंही धर्मावरचं आक्रमण वाटलं. मला ही रेषा योग्य वाटते. आरतीला घुमणारी बाई गुन्हेगार नाही, आणि तिच्या आत काय चाललंय हे ठरवणं पोलिस ठाण्याचं काम नाही. मात्र या रेषेची किंमतही आहे. सगळी चर्चा ‘फसवणूक आहे की नाही’ इथेच थांबली. जिथे फसवणूक नाही तिथे विचारण्यासारखं काहीच उरत नाही, असा समज पक्का झाला. घुमणाऱ्या त्या बाईला घरी गेल्यावर ‘हे मला का होतं?’ असा प्रश्न पडला, तर तिच्याशी बोलायला ना कायदा आहे ना मोर्चा.

वैद्यकानेही जवळपास तीच रेषा ओढली आहे. १९९० मध्ये मंजूर झालेल्या आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अंगात येण्याला स्वतंत्र नोंद मिळाली, पण ते अनिच्छेने आणि धार्मिक किंवा समाजमान्य प्रसंगाबाहेर घडत असेल तरच. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतही प्रथेचा भाग म्हणून होणारं अंगात येणं वगळलेलं आहे, आणि व्यक्तीला त्रास होत असेल किंवा तिचं रोजचं जगणं विस्कळीत होत असेल तरच ते आजार धरायचं, अशी अट आहे. जत्रेत येणारा संचार डॉक्टरांच्या कक्षेबाहेर राहिला, तोच संचार स्वयंपाकघरात एकटीला येऊन तिला घाबरवू लागला की कक्षेत आला. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणाऱ्या बाईला आजही अनेकदा घरचे आधी देवऋष्याकडे नेतात.