अन्नाचं वाळवंट आणि अन्नाची दलदल

या विषयावर मराठीत लिहायला बसलं की पहिल्याच शब्दाला ठेच लागते. इंग्रजीतला ‘फूड डेझर्ट’ देवनागरीत लिहिला की जेवणानंतरचं गोडधोड डोळ्यांपुढे येतं. खरा अर्थ अगदी उलटा आहे: जिथे धड अन्नच मिळत नाही असा भाग, म्हणजे अन्नवाळवंट. त्याच्या शेजारी वावरणारा दुसरा शब्द ‘फूड स्वॉम्प’, म्हणजे अन्नदलदल. लठ्ठपणाच्या चर्चेत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. शब्दांपुरता हा गोंधळ चालून गेला असता, पण त्यावर सरकारी योजना उभ्या राहिल्या.

वाळवंट हा शब्द आधीचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या एका सरकारी वसाहतीतल्या रहिवाशाने तो वापरला, असं सांगतात. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याला मापात बसवलं. कमी उत्पन्नाची वस्ती असेल आणि तिथल्या किमान ५०० किंवा ३३ टक्के लोकांना सुपरमार्केट शहरात १ मैलाहून, ग्रामीण भागात १० मैलांहून लांब पडत असेल, तर ते वाळवंट. थोडक्यात, हे माप अंतराचं आहे. काय *नाही*, एवढंच ते मोजतं.

दलदलीत मोजायचं असतं ते काय *आहे*. न्यू ऑर्लिन्समधल्या संशोधकांनी २००९ साली ही उपमा पुढे आणली. त्यांचं म्हणणं असं की गरीब वस्त्यांत ताज्या अन्नाची वानवा असेलही, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तळलेल्या, गोड, पाकीटबंद खाण्याचा तिथे महापूर असतो. इथे मैल उपयोगाचे नाहीत, प्रमाण बघावं लागतं: एका किराणा दुकानामागे फास्टफूडची आणि चटकन काहीतरी उचलून निघायची दुकानं किती? फळं-भाज्या हाकेच्या अंतरावर मिळत असतानाही वस्ती दलदलीत असू शकते. शिवाय एकच वस्ती दोन्ही नकाशांवर उमटू शकते. गल्लत होते ती बहुतेक याचमुळे.

नुसतं चित्र बघून दोन्ही सारखीच वाटतात. फरक कळतो तो औषध देताना. वाळवंटाला पाणी द्यायचं असतं, दलदलीतलं काढायचं असतं.

राजकारण्यांना पाणी देणं आवडतं, हे ओघानेच आलं. नवं दुकान उघडलं की फीत कापता येते आणि कोणी दुखावत नाही. २०१० साली अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मिशेल ओबामा यांच्या मोहिमेत सात वर्षांत अमेरिकेतली अन्नवाळवंटं संपवायचं उद्दिष्ट जाहीर झालं आणि त्यासाठी ४० कोटी डॉलरची योजना मांडली गेली. हेतूत काही खोट नव्हती. पण फिलाडेल्फियातल्या एका वस्तीत नवं सुपरमार्केट आल्यावर काय घडलं, ते २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. आता चांगलं अन्न जवळ मिळतं, हे लोकांना जाणवलं. त्यांच्या खाण्यातली फळं-भाज्या मात्र वाढली नाहीत, वजनही हललं नाही.

असं का व्हावं? २०१९ साली अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने देशभरातल्या खरेदीच्या नोंदी चाळल्या. नवं सुपरमार्केट आलं की लोक तिथे जातात, पण पूर्वी लांबच्या सुपरमार्केटातून आणायचे तेच जवळून आणू लागतात. त्यांच्या हिशेबाने, गरीब घरांना श्रीमंतांइतकीच निवड त्याच भावात मिळाली, तरी दोघांच्या आहाराच्या दर्जातली दरी जेमतेम १० टक्के बुजते. उरलेलं सगळं सवय, शिक्षण, आहाराची माहिती अशा गोष्टींत अडकलेलं. काही टीकाकारांनी यावरून ‘मग परिसराला दोष देऊच नका, चूक खाणाऱ्याचीच’ असा निष्कर्ष काढला. मला ही उडी पटत नाही. या अभ्यासाने तपासलं ते चांगलं अन्न आणून ठेवण्याचं औषध. सवय लावणारा चिखल उपसला तर काय होईल, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

त्यात सुपरमार्केट म्हणजे केवळ पालेभाज्यांचा मळा नव्हे. दारातच सवलतीतल्या बिस्किटांचा मनोरा आणि पैसे देण्याच्या रांगेत मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर चॉकलेटं. वाळवंटावर उतारा म्हणून जे आणलं, त्याच्या पोटात दलदल आयतीच आली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

२०१७ साली अमेरिकेतल्या कौंट्यांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, आकडेवारी ताडून पाहिली, तेव्हा लठ्ठपणाच्या प्रमाणाशी वाळवंटापेक्षा दलदलीचं नातं घट्ट निघालं. लोकांची ये-जा कमी असलेल्या भागांत तर अधिकच. असं नातं म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे खरं.

पण उपसणंही सोपं नाही. लॉस एंजेलिसने २००८ साली शहराच्या दक्षिण भागात स्वतंत्र इमारतीतल्या नव्या फास्टफूड दुकानांना बंदी केली. पुढच्या काही वर्षांत तिथला लठ्ठपणा उलट वाढला, आणि शहराच्या इतर भागांपेक्षा जास्त. बंदी फक्त नव्यांना होती, जुनी जागच्या जागी राहिली, आणि कोपऱ्या-कोपऱ्यावरची लहान दुकानं तर नियमाच्या बाहेरच. गळका नळ चालू ठेवून फक्त नवा नळ बसवायला मनाई, असा तो प्रकार.

याउलट लंडनच्या वाहतूक यंत्रणेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बसगाड्या आणि स्थानकांवरून अतिगोड, अतिखारट, अतिस्निग्ध खाण्याच्या जाहिराती उतरवल्या. नंतरच्या अभ्यासानुसार अशा खाण्यातून घरात येणारी ऊर्जा दर घरामागे आठवड्याला सुमारे १,००० कॅलरींनी कमी राहिली. शब्द नीट वाचायला हवा: ‘कमी राहिली’, म्हणजे जाहिराती तशाच असत्या तर जितकी झाली असती तिच्या तुलनेत. खरेदी घटली असं नाही, तिची चढण मंदावली. एकही दुकान न उघडता किंवा न बंद करता एवढं झालं, हे मला त्यातलं लक्षणीय वाटतं.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२पासून मोठ्या दुकानांना असं खाणं प्रवेशद्वाराशी, रॅकच्या टोकांना आणि पैसे देण्याच्या जागेजवळ मांडता येत नाही. माल तोच, दुकान तेच, फक्त जागा बदलली. अमेरिकी नकाशा वस्तीपासून दुकानापर्यंतचे मैल मोजत होता. या नियमात मोजायचं अंतर आहे पैसे देण्याच्या जागेपासून २ मीटर.