४१३००१ (संख्या)

४१३००१ (चार लाख तेरा हजार एक) ही सहा अंकी, विषम, संयुक्त संख्या आहे. सोलापूरकरांना ती गणितापेक्षा पत्त्यातूनच ठाऊक असते, कारण शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड हाच. लग्नपत्रिकेपासून चादरींच्या गठ्ठ्यापर्यंत ती सगळीकडे लिहिलेली दिसते. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे सरकारी अधिकारी आणि संस्कृत कवीही होते. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीसाठी, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयासाठी, एवढाच हिशेब. पुढे दिलेले गुण कोणी ठरवून दिलेले नाहीत.

अंकांची बेरीज ९, त्यामुळे नऊने भाग जाणार हे शाळकरी पोरही सांगेल. भागाकार येतो ४५८८९, आणि खरी मेहनत इथून पुढे. त्याला १०७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. १०९ ने मात्र नेमका जातो. म्हणून

४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१

एकूण विभाजक १२. स्वतःला वगळून उरलेल्यांची बेरीज १९०४५९, म्हणजे संख्येच्या निम्मीसुद्धा नाही. ही बेरीज संख्येपेक्षा कमी भरली की तिला न्यून संख्या म्हणतात, त्यामुळे ती न्यून संख्यांत मोडते.

१०९ = १०² + ३² आणि ४२१ = १५² + १४². दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, या ब्रह्मगुप्ताच्या नित्यसमानतेने ही संख्या दोन प्रकारे मांडता येते: ५७६² + २८५² आणि ५५५² + ३२४². तिसरा प्रकार नाही. या नोंदीतला सर्वांत देखणा गुण हाच म्हणावा लागेल.

अंकबेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘हर्षद’ नाव दिले. ४१३००१ हर्षद आहे. शहरातलाच ४१३००४ हाही हर्षद (अंकबेरीज १२), पण पंढरपूरचा ४१३३०४ नाही: अंकबेरीज १५ आणि शेवटी ४, मग भाग जाईल कसा? गंमत म्हणजे हर्षद असूनही ४१३००१ ‘आनंदी’ नाही. अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हापुन्हा घेतली तर २७, ५३, ३४, २५, २९, ८५ असे होत ती ८९ च्या फेऱ्यात अडकते, १ ला पोहोचतच नाही. ती स्वयंभूही (म्हणजे कोणत्याही संख्येत तिचीच अंकबेरीज मिळवून न येणारी) नाही, कारण ४१२९७४ मध्ये त्याची अंकबेरीज २७ मिळवली की ४१३००१ येते. हे सगळे गुण दशमान लेखनाचे. पाया बदलला की ते टिकतीलच असे नाही. मूळ अवयव मात्र तेच राहतात.

अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहण्याची कापरेकरांची क्रिया चार अंकी संख्यांना ६१७४ वर नेते. अपवाद फक्त चारही अंक सारखे असलेल्यांचा. सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही. ४१३००१ चा प्रवास असा:

४३११०० − ००११३४ = ४२९९६६
९९६६४२ − २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ − ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

यापुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६ असा सात संख्यांचा फेरा अखंड चालतो. ६४२६५४ मध्ये ६५२६४४ चेच अंक आहेत, त्यामुळे दोघांपुढची वजाबाकी एकच.